ई-पुस्तकाची लिंक रात्री उघडते, सकाळी मरते: टिकणारी लिंक कुठून आणायची?

सर, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात बीएला अर्थशास्त्र शिकवता. रोवणी लागली की अर्धा वर्ग धानाच्या बांधीत असतो, म्हणून विद्यापीठाच्या ई-लायब्ररीत आणि इकडेतिकडे शोधाशोध करून पाच लिंका तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. रात्री तुमच्या फोनवर सगळ्या उघडल्या. सकाळी मुलांचे मेसेज सुरू झाले, "सर, उघडून नाही राहिली जी." कुणाला सेशन संपल्याची पाटी दिसली, कुणाला लॉगिनचं पान, आणि एका मुलीला तर अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाचं लॉगिन दिसलं. पाचातली एकच चालली, ती म्हणजे तुम्ही स्वतः गूगल ड्राइव्हवर चढवलेली पीडीएफ. आता तुम्हाला 'परमनंट लिंक बनवायची' आहे, जी हे सत्रभर चालेल आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनाही देता येईल.

मी चंद्रपूर जिल्ह्यात अशाच एका कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. या लिंकांनी मला भर समितीसमोर तोंडघशी पाडलेलं आहे, ते पुढे सांगतेच. आधी एवढं सांगते की परमनंट लिंक सहसा बनवावी लागत नाही. पुस्तकाला ती मिळालेली असते. आपण ती सोडून भलतीच उचलतो.

पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक म्हणजे लिंक टिकत नाही. दुसरा म्हणजे लिंक टिकली तरी मुलांना आत शिरता येईलच असं नाही. लोक पहिल्याच्या मागे लागतात, कारण तो तांत्रिक दिसतो. मी दुसऱ्यापासून सुरू करते, कारण तो सुटला नाही तर पहिल्यावर घातलेली मेहनत पाण्यात जाते.

तुम्ही रात्री लिंका तपासल्या त्या कुणाच्या लॉगिनवर? तुम्हीच लिहिलंय की तुमची पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात आहे. म्हणजे तुमच्याकडे संशोधकाचं लॉगिन आहे आणि फोनला ते लक्षात आहे. मुलांकडे ते नाही. विद्यापीठ प्रकाशकाशी करार करतं, तेव्हा अधिकृत वापरकर्ते कोण हे त्यात लिहिलेलं असतं. कॅम्पसवरचे विभाग, तिथले विद्यार्थी-शिक्षक आणि नोंदणी झालेले संशोधक एवढे सहसा असतात. संलग्न कॉलेजांतली पदवीची मुलं त्यात आहेत की नाहीत हे प्रत्येक करारावर ठरतं, आणि मी पाहिलेल्या करारांत ती बहुतेकदा नव्हती. तेव्हा विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राला, म्हणजे ग्रंथालयाला, फोन करून एकच विचारा: संलग्न महाविद्यालयांचे पदवीचे विद्यार्थी या ई-पुस्तकांच्या परवान्यात येतात का? 'बघावं लागेल' असं उत्तर आलं तर लेखी ईमेल टाका. ईमेलला उत्तर देण्याआधी माणूस खरंच बघतो.

उत्तर 'नाही' आलं तरी हातपाय गाळायचं कारण नाही. कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही ई-साहित्याची योजना आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र २०१० पासून ती चालवतं. कॉलेज वार्षिक वर्गणी भरतं, कॉलेजचा ग्रंथपाल वापरणाऱ्यांची यादी चढवतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र आयडी मिळतो. त्यात नियतकालिकं आहेत तशी ई-पुस्तकंही भरपूर आहेत. आता जरा घरचं सांगते. आमच्याच बिरादरीचा दोष आहे म्हणून मोकळेपणाने सांगता येतं. कितीतरी कॉलेजांत वर्गणी नियमित भरलेली असते, शिक्षकांचे आयडी निघालेले असतात, आणि मुलांची यादी कुणी चढवलेलीच नसते. तुमच्या ग्रंथपालांना चहाला बोलवा आणि विचारा. यादी चढवणं हे एका दुपारचं काम आहे. खरा वेळ जातो तो मुलांचे चालू ईमेल पत्ते गोळा करण्यात, कारण ॲडमिशनच्या फॉर्मवर निम्म्या मुलांनी सेतू केंद्रवाल्याचा ईमेल दिलेला असतो.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनबद्दलही तुम्ही विचारलंत. ती केंद्र सरकारची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झाली. पण ती संशोधन नियतकालिकांसाठी आहे. पाठ्यपुस्तकाचं प्रकरण तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि एक आडवाट टाळा. स्वतःचा आयडी-पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. एकाच आयडीवरून एका रात्रीत साठ जण उतरले की प्रकाशकाच्या यंत्रणेला ते चोरीसारखं दिसतं, आणि मग दार बंद होतं ते तुमच्या एकट्याचं नाही, अख्ख्या संस्थेचं.

आता लिंकेकडे वळू.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायची होती. ग्रंथालयात काहीतरी 'डिजिटल' दिसावं म्हणून मी साठ ई-पुस्तकांचे क्यूआर कोड छापले, लॅमिनेट केले आणि त्या त्या विषयाच्या कपाटावर चिकटवले. दोन रविवार गेले त्यात. लिंका घेतल्या होत्या सरळ ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून. समितीतल्या एका सरांनी खिशातून मोबाइल काढून वाणिज्याच्या कपाटावरचा कोड स्कॅन केला. पान उघडलं. तुमचं सेशन संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा. त्यांनी दुसरा केला. तेच. तिसरा करायच्या आत आमच्या प्राचार्यांनी त्यांना वाचनकक्ष दाखवायला नेलं. मी मात्र त्या साठ कोडांकडे पाहत उभी राहिले, आणि लॅमिनेशन इतकं पक्कं होतं की ते सोलताना कपाटांचा रंगही निघाला.

झालं होतं ते असं. ई-पुस्तकाच्या संकेतस्थळावर तुम्ही शिरता, तेव्हा वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसतो, त्यात बरंचसं तुमच्या त्या भेटीचं असतं. कुठून आलात, काय शोधलंत, शोधाच्या यादीत हे पुस्तक कितवं होतं, आणि तुमच्या बैठकीला, म्हणजे सेशनला, दिलेला तात्पुरता क्रमांक. पुस्तकाची ओळख त्या भाऊगर्दीत कुठेतरी मधे दडलेली असते. बैठक संपली की तो तात्पुरता क्रमांक मेला, आणि त्याच्यासोबत सगळा पत्ता मेला.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा फरक दाखल क्रमांक आणि कपाट यांच्यातला आहे. पुस्तक आज चौथ्या कपाटात दुसऱ्या फळीवर असेल. उन्हाळ्यात रंगकाम निघालं की ते सातव्यात जातं. 'चौथं कपाट, दुसरी फळी' हा पत्ता रंगाऱ्याच्या मर्जीवर. दाखल नोंदवहीतला क्रमांक मात्र पुस्तक निर्लेखित होईपर्यंत बदलत नाही. ई-पुस्तकाचा असा दाखल क्रमांक शोधायचा, आणि लिंक त्याच्यावर उभारायची. बाकी सगळा पाचोळा.

तुमच्या पाच लिंका एकेक करून बघू, म्हणजे हे नुसतं तत्त्वज्ञान राहणार नाही.

पहिली स्प्रिंगर या प्रकाशकाची आहे आणि सगळ्यात सोपी आहे. स्प्रिंगरच्या पुस्तकाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, असतो. तो 'दहा डॉट एक शून्य शून्य सात'ने सुरू होतो, मग तिरकी रेघ, आणि पुढे सहसा त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीचा आयएसबीएन. प्रकरणाची लिंक हवी असेल तर त्याच्यापुढे खालची रेघ आणि प्रकरणाचा आकडा. तुम्हाला तिसरं प्रकरणच वाचायला द्यायचंय, तर प्रकरणाचाच डीओआय घ्या, मुलांना तीनशे पानांत सोडू नका. हा क्रमांक 'डीओआय डॉट ऑर्ग' आणि तिरकी रेघ यांच्यापुढे लावला की झाली लिंक. ती थेट स्प्रिंगरकडे जात नाही. आधी डीओआयच्या मधल्या यंत्रणेकडे जाते, ती आपल्या नोंदीत बघते की हे प्रकरण सध्या कुठे राहतं, आणि वाचकाला तिकडे धाडते. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तर त्याने ती नोंद बदलायची, आपल्याला काही करायचं नाही. केंब्रिजने २०१६ मध्ये आपली पुस्तकं जुन्या संकेतस्थळावरून केंब्रिज कोअरवर हलवली. तेव्हा ज्यांनी संकेतस्थळाचे थेट पत्ते जपले होते त्यांना ते पुन्हा तपासत बसावं लागलं. डीओआय जपणाऱ्यांना काहीच करावं लागलं नाही. जुन्या यादीत पत्त्याच्या सुरुवातीला 'डीएक्स' असलेला डीओआय सापडला तर घाबरू नका, तोही अजून चालतो. फक्त नवीन लिहिताना 'डीएक्स' गाळा.

इथे एक बारीक गोष्ट, जी मी एका मुलाच्या फोनवर पाहिली आणि मग कपाळावर हात मारला. डीओआय हाताने टाइप करताना फोनचा कीबोर्ड मराठीत असला तर आकडे देवनागरी उमटतात. डोळ्याला क्रमांक बरोबर दिसतो, यंत्राला तो अनोळखी असतो. म्हणून क्रमांक कॉपी करून चिकटवायचा. आणि लिंकेच्या शेवटी वाक्य संपलं म्हणून पूर्णविराम देऊ नका. कधीकधी तोही लिंकेत ओढला जातो आणि पान सापडत नाही. लिंक नेहमी स्वतंत्र ओळीवर, एकटी.

दुसरी लिंक एब्स्कोची, म्हणजे अनेक प्रकाशकांची ई-पुस्तकं एकत्र पुरवणाऱ्या कंपनीची. सेशनची पाटी दिसते ती हिच्यामुळेच. तुमच्या पत्त्यात 'एसआयडी' म्हणून अक्षरांची लांब माळ आहे, ती म्हणजे तुमची त्या रात्रीची बैठक. एब्स्कोमध्ये पुस्तकाच्या पानावर परमालिंक किंवा शेअर असं बटण मिळतं, साखळीचं चिन्ह असतं बहुधा. ते दाबून येणारी लिंक घ्या. जुन्या धर्तीच्या परमालिंकेत दोनच कामाच्या गोष्टी असतात, संग्रहाचं सांकेतिक नाव आणि पुस्तकाचा एएन क्रमांक. एब्स्कोच्या ई-पुस्तक संग्रहाचं सांकेतिक नाव 'एनएलईबीके' असं आहे. त्यातलं 'एनएल' म्हणजे नेटलायब्ररी, जो संग्रह एब्स्कोने २०१० मध्ये विकत घेतला. मालक बदलला, दुकानाची पाटी बदलली, पण आतल्या चिठ्ठीवर जुन्या घराचं नाव राहिलं. मला हे उगाच आवडतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबाचं नाव राहतं तसं.

तिसरी ईबुक सेंट्रलची, आणि अमेरिकेचं कोडं इथे सुटतं. या संकेतस्थळाच्या पत्त्यात 'लिब' या शब्दानंतर ग्रंथालयाचं नाव येतं, आणि शेवटी 'डॉक आयडी' म्हणून पुस्तकाचा क्रमांक. पुस्तकाचं नाव गूगलवर टाकलंत, तिथे कुठल्याशा अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लावलेली लिंक वर आली, आणि तुम्ही ती उचललीत. पुस्तक तेच, पण दार त्यांचं. तुम्हाला ते उघडलं कसं? माझा अंदाज असा की तुम्ही ती लिंक दाबून पाहिलीच नाही. आपल्या लॉगिनमधून ते पुस्तक आधी उघडलेलं होतं, तेच बघितलंत. यात उपाय सोपा आहे. एन-लिस्टमधून किंवा विद्यापीठाच्या लॉगिनमधून आत जाऊन तेच पुस्तक शोधायचं आणि त्याच्या पानावरच्या 'शेअर लिंक'ने मिळेल ती लिंक घ्यायची. म्हणजे पत्त्यात आपल्या ग्रंथालयाचं नाव येतं. डॉक आयडी तोच राहतो, त्यामुळे बरोबर पुस्तक धरलंय का हे आकडा जुळवून बघता येतं. मात्र ते पुस्तक आपल्या संग्रहात असलं तरच मिळेल. अमेरिकेतल्या ग्रंथालयाने घेतलेलं सगळं आपल्याकडे असतं असं नाही.

चौथी शोधगंगेची, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या खुल्या साठ्यातली; पुस्तक नाही, प्रबंध. तिथे लॉगिनची भानगडच नाही. तुम्ही दिलेल्या पत्त्यात मधे '८०८०' आहे. ती जुन्या मांडणीची खूण, कुणाच्या तरी संदर्भसूचीतून आलेली असणार. शोधगंगेच्या प्रत्येक प्रबंधाला हँडल क्रमांक असतो आणि तो '१०६०३'ने सुरू होतो. प्रबंधाच्या पानावर जाऊन तो घ्या, बाकी पत्ता फेकून द्या. डीओआयसुद्धा याच हँडल यंत्रणेवर उभा आहे, म्हणून दोघांची चाल सारखीच.

पाचवीचं, त्या ड्राइव्हच्या पीडीएफचं, शेवटी बोलू.

हे झालं पुस्तकाच्या ओळखीचं. आता दार. मुलगा घरी आहे, मोबाइलच्या डेटावर आहे. नुसता डीओआय दाबला तर तो स्प्रिंगरच्या पानावर बरोबर पोहोचेल, पण स्प्रिंगर त्याला ओळखणार नाही आणि पुस्तकाची किंमत दाखवेल. कॉलेजच्या वायफायवर मात्र तीच लिंक फुकट उघडू शकते, कारण तिथे कॉलेजचा आयपी पत्ता ओळखला जातो. ग्रंथालयात बसून तपासणारे माझ्यासारखे लोक इथेच फसतात.

घरून आत शिरायचे मार्ग संस्थेप्रमाणे वेगळे. तुमच्या विद्यापीठात काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही, पण ओळखायचं कसं ते सांगते. लॉगिन करून पुस्तक उघडल्यावर वरच्या पट्टीत बघा. 'लिंक-स्प्रिंगर-कॉम' असं जोडरेघांनी जोडलेलं नाव आणि त्यालाच चिकटून विद्यापीठाचं नाव दिसलं, तर ते ईझीप्रॉक्सीसारखं, म्हणजे घरच्या वाचकाला संस्थेच्या नावाने आत नेणारं, काहीतरी आहे. तो जोडरेघांचा पत्ता द्यायचा नाही. द्यायचं ते असं: प्रॉक्सीचा ठरावीक उपसर्ग, जो 'लॉगिन, प्रश्नचिन्ह, यूआरएल, बरोबर' असा संपतो, आणि त्याला लागून पुस्तकाचा मूळ टिकाऊ पत्ता. तो उपसर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पानावर सापडतो, नाहीतर मागून घ्यायचा. डीओआय जोडल्यावर 'हा होस्ट नोंदलेला नाही' अशा अर्थाची पाटी आली, तर चूक तुमची नाही. त्यांच्या यादीत डीओआयचं संकेतस्थळ घालायचं राहून गेलंय. त्यांना कळवा, दोन ओळींचा बदल असतो.

दुसरा मार्ग संस्थेच्या लॉगिनचा. मुलगा प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' निवडतो, मग मोठ्या यादीतून संस्था शोधतो. आमची मुलं या यादीत हरवतात. इन्फेड (इन्फ्लिबनेटची सामाईक लॉगिन व्यवस्था) निवडायचं की विद्यापीठ की कॉलेज हे त्यांना कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही चूक आहे. यासाठी प्रकाशकाकडून किंवा इन्फ्लिबनेटच्या मदतकेंद्राकडून वेफलेस लिंकेचा नमुना मागता येतो. त्यात संस्थेचं नाव लिंकेतच भरलेलं असतं, मुलाला फक्त आयडी टाकायचा. सगळेच प्रकाशक ती देत नाहीत. जे देत नाहीत, त्यांच्यासाठी मी स्क्रीनचे तीन फोटो काढून त्यावर लाल गोल करून ग्रुपवर टाकते. गावठी उपाय, पण चालतो.

आता मी स्वतः काय करते ते सांगते, कारण माझ्या मते टिकाऊपणा खरा इथून येतो. मी प्रकाशकाची लिंक मुलांना कधीच थेट देत नाही. आमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा कॅटलॉग बाहेरूनही उघडतो. प्रत्येक ई-पुस्तकाची कोहात नोंद करते, आणि ८५६ या क्षेत्रात दार आणि ओळख जोडलेली लिंक टाकते. मुलांना, शिक्षकांना, क्यूआर कोडवर, सगळीकडे जाते ती कोहातल्या नोंदीची लिंक. उद्या प्रॉक्सी बदलली, प्रकाशक बदलला, तर मी ८५६ एकदा बदलते. छापलेला कोड तसाच राहतो. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठातून तिकडे गेली. एका रात्रीत लेटरहेड बदललं. अशा वेळी ज्या लिंकेच्या पोटात जुन्या दाराचं नाव असतं ती किती वर्षांची सोबत करणार?

तुमच्या कॉलेजात कोहा नसेल, किंवा सोल हे ग्रंथालयाचं दुसरं सॉफ्टवेअर असेल पण ते ग्रंथालयाच्या एकाच कॉम्प्युटरवर अडकलेलं असेल, तर एक गूगल शीट पुरेशी आहे. फक्त ती कॉलेजच्या ग्रंथालयाच्या खात्यावर असू द्या, तुमच्या वैयक्तिक नको, कारण तुमची बदली झाली की ती तुमच्यासोबत जाईल. माझी कोहाआधीची शीट अजून आहे. त्यातली एक ओळ अशी वाचता येते: बीए सत्र तीन, घटक दोन, पुस्तकाचं नाव, प्रकरण पाच, डीओआय, मुलांना द्यायची पूर्ण लिंक, एका वेळी तीन वाचक, तपासली १८ जून, मोबाइल डेटावर, फोन शिपाई काकांचा. तो शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. काकांच्या फोनमध्ये कुठलंच लॉगिन साठवलेलं नसतं, म्हणून त्यांच्यावर जे उघडतं ते मुलांवर उघडतं. काका नसतील तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी आणि वायफाय बंद, एवढंही चालेल.

लांब लिंक आखूड करणाऱ्या फुकट सेवांपासून जरा लांबच राहा. गूगलच्या स्वतःच्या आखूड लिंका बनवणं २०१९ मध्ये बंद झालं. ज्यांनी पुस्तिकांवर त्या छापल्या त्यांचा जीव पुढची काही वर्षं टांगणीला होता.

आणि 'एका वेळी तीन वाचक' याचा अर्थ. ई-पुस्तक म्हणजे कितीही जणांना एकदम, असं नसतं. काही परवाने एका वाचकाचे, काही तिघांचे, काही अमर्याद. तुम्ही वर्गात म्हणालात "आत्ता उघडा", चाळीस जणांनी दाबलं, तर तिघांना पुस्तक दिसतं आणि सदतीस जण म्हणतात लिंक बंद आहे. लिंक ठणठणीत असते. एब्स्को आणि ईबुक सेंट्रल दोन्हीकडे हे पुस्तकाच्या पानावर सहसा लिहिलेलं सापडतं. अशा पुस्तकासाठी मी मुलांचे गट पाडून दिवस वाटून देते, आणि वाचून झालं की पुस्तक बंद करून बाहेर पडायला सांगते. नुसता फोन खिशात टाकला तर ती जागा काही वेळ अडकून राहते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच लिंकेच्या हातात नाही. ई-पुस्तक दोन प्रकारे घेतलं जातं, कायमचं विकत किंवा वर्गणीच्या संग्रहातून. वर्गणीच्या संग्रहातली पुस्तकं प्रकाशक अधूनमधून काढून घेतो. तेव्हा ओळख बरोबर, दार बरोबर, आणि आत पुस्तकच नाही. म्हणून दरवर्षी जूनमध्ये, मुलं यायच्या आधी, मी यादीतली प्रत्येक लिंक एकदा दाबते. साठ लिंकांना दोन तास लागतात. जी मेली तिच्या जागी दुसरं पुस्तक शोधायला जुलै उजाडायच्या आत वेळ मिळतो.

आतापर्यंतचं थोडक्यात, कारण बरंच बोलले. आधी परवान्याचं विचारून घ्या. मग पुस्तकाची कायमची ओळख काढा: डीओआय, हँडल, नाहीतर संकेतस्थळाने दिलेली परमालिंक. तिला आपलं दार जोडा. ते सगळं तुमच्या ताब्यातल्या एका पानावर ठेवा आणि मुलांना त्या पानाचा पत्ता द्या. तपासायचं ते दुसऱ्याच्या फोनवर.

आता ती पाचवी, एकटीच चाललेली लिंक. तुम्ही प्रकरणाची पीडीएफ उतरवून ड्राइव्हवर ठेवलीत. तुमचा हेतू चांगला आहे आणि मीही एकेकाळी हेच करत होते. पण ई-पुस्तकाचा वापर करारावर चालतो, आणि लिंक देणं सहसा करारात बसतं, प्रत बाहेर ठेवणं सहसा बसत नाही. छापील पुस्तकाची गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात शिकवण्यासाठीच्या प्रतींना सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उदारपणे वाचली. म्हणून माझा सल्ला असा: ड्राइव्हवरची फाइल काढा, पण त्याआधी ग्रंथालयात त्या पुस्तकाची छापील प्रत आहे का बघा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नाव वाचलं, पदवीच्या अभ्यासक्रमातलं नेहमीचं पुस्तक आहे, बहुधा असेलच. असेल तर त्या प्रकरणाची पानं फोटोकॉपी करून संदर्भ टेबलावर ठेवायला सांगा. ज्या मुलीला अमेरिकेचं लॉगिन दिसलं तिच्या गावात धड रेंज नाही असं तुम्ही लिहिलंय. तिला यातली कुठलीच लिंक कामाची नाही. ती एसटीने कॉलेजला येईल त्या दिवशी ती पानं टेबलावर असू द्या.